मागे ठेवलेला दोर

डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात दादा एकटाच होता आणि वादळ सुरू झाल्यापासून त्याचा वायरलेस मुका झाला होता. ढग इतके खाली उतरले होते की हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. गिर्यारोहकांचं पथक शहरातून यायचं, तर रस्त्यावरची दरड आधी उपसायला हवी होती. मग काय, वाट बघत बसायचं? सुताराने साफ नकार दिला. दादा त्याचा सख्खा थोरला भाऊ! त्याला आजच्या आज खाली आणायचं, एवढ्यासाठी तिघं निघाली: सुतार, दादाची बायको म्हणजे त्याची वहिनी, आणि एरवी खेचरांवरून केंद्रात शिधा पोचवणारी मावशी. मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती, पण सगळं गाव तिला मावशी म्हणे आणि तिच्या शिव्याही मावशीच्या म्हणूनच खाई.

निघण्याआधी सुताराच्या कारखान्यात प्रार्थना झाली. प्रार्थनेच्या बाबतीत या गड्याचा मोठा दबदबा होता. दर रविवारी संध्याकाळी रंधे आणि पटाश्या बाजूला सारून मूठभर माणसं त्याच्याभोवती भुशात गुडघे टेकत. त्याचा नियम एकच. मागायचं एकदाच, आणि मग मिळालंच असं धरून नुसते उपकार मानायचे. जर-तर त्याला मुळीच खपत नसे. वहिनी बिचारी अडखळत प्रार्थना करायची आणि वाक्यावाक्याला म्हणायची, "प्रभू, तुझी इच्छा असेल तर." एका रविवारी त्याने तिला सगळ्यांदेखत मध्येच तोडलं.

"वहिनी, विश्वास नसेल तर मागता कशाला? असली प्रार्थना छताच्या वर जात नाही!"

लोक हसले. वहिनीही हसली. त्यानंतर तिने कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही, आणि सुताराच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

"बापा, तुझे उपकार मानतो," आज तो खणखणीत आवाजात म्हणाला. "दादा सुखरूप आहे, आणि आज रात्री तो आपल्या अंथरुणात झोपणार आहे. येशूच्या नावाने, आमेन!"

मग त्याने सामान तपासलं. वहिनीने त्याच्या पाठपिशवीत दोराचं एक वेटोळं भरलं होतं. एक दोर मावशीकडे होता, हा दुसरा.

"हा कशाला?"

"असू दे की, भावजी. लागलाच तर..."

"आलं का पुन्हा तर! अहो, दादा चालत येणार आहे. त्याचा कोट घ्या, त्याचे कोरडे बूट घ्या. मागितलंय ना आपण? मग तयारी कसली करायची, मिळाल्याची की न मिळाल्याची?"

दोर टेबलाखाली गेला आणि त्याच्या जागी कोट आणि बूट आले. मावशी तेव्हा बाहेर खेचरांना चारा टाकत होती.

पहिला तास मजेत गेला. देवदारांच्या रानातून वाट वळत वळत चढत होती, फांद्यांवरचा बर्फ मधूनच धप्पकन खाली पडत होता, आणि मावशी वादळाला, डोंगराला आणि सरकारला आळीपाळीने शिव्या घालत होती. रानाच्या वर ओढा लागला. त्याच्यावरून पलीकडे जायला गोठलेल्या बर्फाची कमान तेवढी उरली होती. मावशीने काठी ठोकून पाहिली आणि एकेकाला सोडलं. सुतार सगळ्यांत शेवटी निघाला. पलीकडे पाय टेकतो न टेकतो तोच पाठीमागे कड्कन आवाज झाला. कमान कोसळली! खालच्या पाण्याने तिचे तुकडे बघता बघता गिळले.

"बघितलंत?" सुतार धापा टाकत हसला. "प्रभू आपल्याबरोबर आहे!"

"आहे ना? मग त्याला विचार परतायचं कुठून ते," मावशी म्हणाली. "आता लांबच्या वाटेने उतरावं लागणार."

माथा जवळ आला आणि तिघंही जागच्या जागी थांबली. वाटच नव्हती! वादळाने डोंगराची कड खरवडून नेली होती. समोर रुंद घळ पडली होती, तिच्यात सुटा मुरूम आणि बर्फाचा चिखल, आणि तळ धुक्यात बुडालेला. घळीच्या पलीकडे केंद्राची खोली दिसत होती. वारा मोजायचा लोखंडी मनोरा आडवा पडला होता. आणि दारात, कोपरांवर रेटत, कुणीतरी बाहेर येत होतं.

"दादा!"

"पाय!" पलीकडून आवाज आला. "मनोरा पडला पायावर! काढला बाहेर, पण बधिर झालाय! दोर फेका! इथे खांब आहे, मी बांधतो!"

दादा जिवंत होता! सुताराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मावशीने आपल्या दोराला दगड बांधला आणि सगळा जोर लावून फेकला. दगड घळीच्या मध्यावर पडला. पुन्हा फेकला. पुन्हा मध्यावरच!

"दुसरा काढ. जोडून टाकू," मावशी म्हणाली.

सुताराने पाठपिशवीचा पट्टा घट्ट धरला.

"अरे, दोर काढ! वहिनीने तुझ्याकडे दिला होता ना?"

"घरी आहे," तो म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे बघितलं. आज पहिल्यांदाच तिला शिवी सुचली नाही. वहिनी खाली मान घालून उभी होती. तिने नुसतं 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं असतं तरी त्याला हलकं वाटलं असतं.

"मी जातो चालत!" तो एकदम म्हणाला आणि मावशीचा दोर कमरेला गुंडाळू लागला. "उपकार मानलेत आपण. तो मला पडू देणार नाही!"

"सुतारा, थांब!"

तो थांबला नाही. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला उतारच हलला! पायाखालचा मुरूम सळसळत निघाला, त्याच्याबरोबर तोही निघाला. आभाळ, चिखल, पुन्हा आभाळ! कमरेला हिसका बसला. वर मावशी दगडाला पाय लावून दोर धरून आडवी झाली होती. वहिनीने तिला मिठी मारून धरलं होतं. इंच इंच करत दोघींनी त्याला वर ओढलं. तो कड्यावर पालथा पडला तेव्हा मावशीचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, आणि पश्चिमेकडून काळं आभाळ चालून येत होतं.

"मागे फिरा!" दादा ओरडला. "ऐकताय का? खाली जा!"

"मी नाही सोडणार तुला!" सुतार हुंदके देत ओरडला.

वहिनी पुढे झाली. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि ओरडली तीही तशाच आवाजात. "बूट कापून काढा! पाय कोरडा ठेवा, पण शेकोटीवर धरू नका! झोपू नका! उद्या माणसं आणते!"

"बरं!" दादाने हात हलवला.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. सुताराने मान वळवून पाहिलं. तो बघतोय हे लक्षात येताच तिने ओठ मिटून घेतले, चोरी पकडली जावी तसे. मग तिने मावशीचा हात गळ्यातल्या पट्टीत बांधला आणि नवऱ्याकडे पाठ करून उतरायला लागली.

सुतार तिच्यामागून चालत राहिला. उतरताना त्याला कळून चुकलं की विश्वास पाहायचा होता तो इथे होता. त्याच्या खणखणीत प्रार्थनांत नव्हता. हिने आपलं माणूस देवाच्या हातात ठेवलं होतं आणि हात मोकळे करून ती कामाला लागली होती. त्याने मात्र देवाला फक्त हुकूम दिले होते. आणि हिची प्रार्थना छताच्या वर जात नाही, हे शहाणपण त्याचंच! लाजेने त्याला वर बघवेना.

लांबच्या वाटेने तिघं जिवंत उतरली. दुसऱ्या दिवशी दरड उपसली गेली, पथक पुरेसे दोर घेऊन वर गेलं आणि दादाला झोळीत घालून घेऊन आलं. रविवारची माणसं इस्पितळाच्या दारात सुताराचे हात धरून म्हणत होती, "ऐकली बरं देवाने तुमची!" त्याला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

डॉक्टर बाहेर आले. "जीव वाचला," ते म्हणाले. "पाय काढावा लागेल. काल आणलं असतंत तर कदाचित राहिला असता."

दाराच्या आत दादाला नेत होते. बाकावर वहिनी आणि सुतार दोघंच उरली.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "माझं चुकलं. दोराचंही, आणि त्या रविवारचंही. तुम्ही प्रार्थना करा ना. मोठ्याने."

तिने घाबरून मान हलवली.

"नको, भावजी. आत्ता नको. तुम्हीच करा. तुमची पोहोचते."

टोमणा असता तर त्याने आनंदाने सोसला असता. पण तो टोमणा नव्हता. ती मनापासून बोलत होती.

सुताराने हात जोडले. "बापा," तो म्हणाला, आणि पुढे त्याला एकही शब्द सुचेना. शेजारी वहिनी डोळे मिटून, त्याच्या आमेनची वाट पाहत बसली होती.