पिवळं पाकीट

शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊच्या फळीसमोर एक माणूस उभा होता. त्याच्या हातात चार हिरवी पाकिटं होती, आणि फळीवर हिरवं एकही उरलं नव्हतं.

"हिरवं हवंय?" त्यानं विचारलं. मी त्या पाकिटांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले असणार.

"नाही... म्हणजे, हो."

"नाही की हो?"

"दोन्ही."

तो हसला. आधी डोळ्यांच्या कडा हसल्या, मग ओठ. एक पाकीट त्यानं माझ्यापुढे धरलं. "घ्या. मला तीन पुरतील. चौथं यंत्र जुन्या ओळखीचं आहे, नुसत्या बोलण्यावर ऐकतं."

मी हात पुढे केला. तो तसाच वळवून फळीवरचं पिवळं उचललं.

"पिवळं? यंत्राला?"

"खायला," मी म्हणाले आणि वाऱ्यात बाहेर पडले. छत्री उघडायचं लक्षातच राहिलं नाही. पाऊस नव्हता, हे बरं झालं.

त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखा वाग' असा आहे. आमच्या शिनचू शहरात समजूत अशी, की हिरवं पाकीट यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिवळं ठेवलं की रुसतं. फोडलेलं चालत नाही, मुदत उलटलेलं तर नाहीच. माझ्या वडिलांनी, आबांनी, इथल्या संगणकाच्या चिपच्या कारखान्यात बत्तीस वर्षं यंत्रं सांभाळली. तिथे घराएवढ्या यंत्रांच्या डोक्यावरही हिरवं पाकीट असे, आणि परदेशातून शिकून आलेले साहेबसुद्धा त्याची मुदत वाचूनच आत जात. निवृत्तीनंतर आबांकडे एकच यंत्र उरलं होतं, आठ वर्षांचा गेमिंगचा संगणक. काळं कॅबिनेट, एका बाजूला काच, आत मनाला येईल तेव्हा लागणारा लाल दिवा. त्यांच्या खेळात तलवारी होत्या, राक्षस होते, किल्ले होते. आबा तिथे फक्त नदीकाठी बसून मासे धरत.

मी दार उघडलं.

"आलीस?" पडद्यामागून आवाज आला.

"हं."

आमचं रोजचं बोलणं एवढंच. मी वाचनालयातून सहा चाळीसला पोचायची, ते विचारायचे, मी हुंकार द्यायची.

"आज दहा मिनिटं उशीर," आबा म्हणाले. मग त्यांनी पिशवीत डोकावलं. "आ-यिंग, हे काय? पिवळं?"

"हिरवी संपली होती."

"संपली? उद्या अख्खं शिनचू संगणक उघडून बसणार वाटतं!" त्यांनी पाकीट दिव्यापुढे धरलं, जणू नीट पाहिलं तर ते हिरवं होणार होतं. "खेळवाले म्हणतात, यंत्राच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर, ते फर्मवेअर, नवं केल्याशिवाय पुढच्या हंगामात आत घेणार नाही. उद्या करणार होतो. पण पिवळ्याच्या भरवशावर फर्मवेअर चढवणारा अजून जन्मायचाय."

"मग आता?"

"आता खायचं."

आम्ही ते पाकीट फोडून संपवलं. आबा मसाल्याची बोटं चाटत मासे धरत राहिले. मी शेजारी पुस्तक वाचत होते. कोणतं, ते आठवत नाही.

रविवारी सकाळी मी झोपेत असताना आबा हिरवं आणायला स्वतःच गेले. परत येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकले, ते उठले नाहीत. खालच्या लिन काकूंनी वर येऊन दार वाजवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, कुठेही, केव्हाही झालं असतं. मी मान हलवली. पिशवीत हिरवं पाकीट होतं. ते चुरगळलंसुद्धा नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी सहा पस्तीसला संगणक आपोआप चालू झाला. पाच मिनिटांनी मी दार उघडलं तेव्हा आत पंख्याचा आवाज येत होता. मी बूट हातात घेऊन उंबऱ्यावरच उभी राहिले. मग आत जाऊन तो बंद केला. त्यानंतर रोज हेच. प्लग काढावा असं मनात आलं नाही, असं नाही. पण काढला नाही.

आठ महिने असे गेले. शिनचूचा शरदातला वारा सुरू झाला. खेळ आता उघडत नव्हता. फर्मवेअर जुनं, ड्रायव्हर जुने, अशी पाटी पडद्यावर यायची. ड्रॉवरमधल्या हिरव्या पाकिटावर मुदत छापली होती, नोव्हेंबरची तीस तारीख. आबांनी ज्यासाठी ते आणलं ते काम त्या तारखेच्या आत व्हायला हवं, एवढं मी ठरवलं. बाकी काही ठरवत नव्हते.

आधी मी स्वतःच पडदा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे नवा ड्रायव्हर, घालून पाहिला. पडद्यावरची अक्षरं कलिंगडाएवढी झाली. मग कॅबिनेट शालीत गुंडाळलं, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवलं आणि नगरदेवतेच्या देवळामागच्या गल्लीत दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे नेलं.

काउंटरमागच्या माणसानं मान वर केली. 'या' नाही, 'बसा' नाही.

"पिवळं!" तो म्हणाला.

मी शाल सोडायला लागले.

"राखाडी कोट. छत्री होती, उघडली नव्हती. 'खायला' म्हणालात."

"तुमची स्मरणशक्ती चांगली आहे."

"सगळ्यांच्या बाबतीत नाही," तो म्हणाला, आणि लगेच एक स्क्रू शोधायला काउंटरखाली गेला. तिथे बराच वेळ राहिला. वर आला तेव्हा कान लाल होते. "मी फंग पो-च्युन. बरं... कसं होतं?"

"काय?"

"पिवळं."

"तिखट."

"आणि हिरवं का नाही घेतलंत? तुमचा हात पुढे आला होता. मी पाहिला."

हिरवं मला मिळत होतं, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माझ्यासमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता. 'संपली होती' हे माझं वाक्य खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. आठ महिन्यांत ते मी कुणापाशी काढलं नव्हतं.

"आपण यंत्राचं बोलू या का?" मी काउंटरवरच्या नोंदवहीत 'फान' एवढंच लिहून म्हणाले.

त्यानं काच उघडली. आत, पंख्याच्या वर, आबांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती : 'आधी मधली आवृत्ती, मग शेवटची. उडी मारायची नाही.'

"बरोबर आहे," पो-च्युन म्हणाला. "या मदरबोर्डवर थेट शेवटचं फर्मवेअर चढवलं तर बोर्ड मरतो. बहुतेक जण इथेच फसतात. जाणत्या माणसाचं अक्षर आहे."

"होतं."

त्याचा हात थांबला. त्यानं फडक्यानं बोटं पुसली आणि चिठ्ठीचा सुटलेला कोपरा दाबून परत चिकटवला. "मग त्यांच्याच पद्धतीनं करू, फान मॅडम. सावकाश."

सावकाश म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

पहिली संध्याकाळ ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्येच गेली.

"जुना ड्रायव्हर मुळापासून काढावा लागतो," तो म्हणाला. "थोडा जरी मागे राहिला तरी नव्याशी भांडतो."

"माणसांसारखं."

"माणसं बरी. समजूत तरी काढता येते."

"अनुभव दिसतोय."

"एकदाच. तिनं मलाच मुळापासून काढलं." तो पडद्याकडे बघत होता. "नवा घातला की नाही, माहीत नाही."

मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आल्यामुळे ते नाकातून आलं. तो दचकला आणि मग तोही हसला. डोळ्यांच्या कडा आधी.

दुसऱ्या वेळी आवाजाचा आणि नेटचा ड्रायव्हर होता. ते काम वीस मिनिटांचं. मी तिथे दोन तास होते. निघताना त्यानं कागदात बांधलेली वाळवलेली पर्सिमनची नारिंगी फळं पुढे केली.

"शिनपूहून आईनं पाठवलीत. म्हणजे तुमच्यासाठी असं नाही... तिला तुमचं माहीत नव्हतं... म्हणजे, आता झालंय."

"काय झालंय?"

"माहीत."

घरी मी एक पर्सिमन खाल्लं. एक आबांच्या तसबिरीपुढे ठेवलं. ते कुठून आलं, ते सांगितलं नाही.

फर्मवेअरचा दिवस आम्ही एकोणतीस नोव्हेंबर ठरवला. वारा असा होता की गल्लीतल्या पाट्या वाजत होत्या. पो-च्युननं पेनड्राइव्ह लावला, वीज गेली तर म्हणून बॅटरीचं खोकं जोडलं, आणि हाताची घडी घालून बसला.

"आता?"

"पाकीट. हिरवं. त्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हेच एक नीट शिकलो."

मी पिशवीतून आबांचं पाकीट काढलं. त्यानं ते उलटं करून मुदत वाचली. "उद्यापर्यंत! काठावर आणलंत."

"माझ्याकडे आठ महिने आहे."

"आठ... म्हणजे आपण भेटलो त्या—"

"दुसऱ्या दिवसापासून. आबांनी आणलं. जिन्यापर्यंत."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब लागत गेला, तो मला दिसला. पाकीट त्यानं दोन्ही हातांनी कॅबिनेटवर ठेवलं, पट्टीनं आखल्यासारखं सरळ. मग वही उघडून पडद्यावरचं एकेक पान उतरवायला लागला.

"हे कशाला?"

"फर्मवेअर बदललं की जुन्या मांडणीतलं सगळं पुसलं जातं. त्यांनी काय काय लावून ठेवलं होतं ते लिहून घेतो, मग परत लावता येईल." पेन थांबलं. "हे बघा, 'दर दिवशी सहा पस्तीसला आपोआप चालू.' ही वेळ कसली?"

"मी सहा चाळीसला घरी येते," मी म्हणाले. "आबा दुपारी झोपायचे. पंख्याच्या आवाजानं जाग येत असावी. मी दार उघडायची तेव्हा ते खेळात असायचे. वाट बघत नाहीयेत, असं दिसावं म्हणून..." हे सगळं मला बोलता बोलताच कळत होतं.

त्यानं 'सहा पस्तीस' लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. मग बटण दाबलं.

"आता हात लावायचा नाही," तो म्हणाला. "कशालाच."

"कशालाच?"

"...यंत्राला."

पडद्यावरची पट्टी मुंगीसारखी सरकत होती. माझा हात काउंटरवर होता. त्याचा चार बोटं अंतरावर. दिवा एकदा फडफडला, दोघांनी श्वास रोखला, कुणीच हात हलवला नाही. आधी मधली आवृत्ती, मग शेवटची. दोन्ही चढल्या. यंत्र शहाण्यासारखं वागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कॅबिनेट घेऊन घरी आला. वाऱ्यात स्कूटरवर मी ते न्यायचं नाही, असं त्यानंच ठरवलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबले. तोही थांबला. हातात तेवढं ओझं घेऊन, मी चालायला लागेपर्यंत तसाच.

आबांच्या टेबलाखाली बसून त्यानं वायरी जोडल्या. वर पाकीट ठेवलं. ते अजून पाच तास चाललं असतं. भिंतीवरच्या घड्याळात सहा तेहतीस झाले होते.

"चालू करू?"

"नको. होईल तो."

तो टेबलाखालून बाहेर आला. केसांवर धूळ होती. मी ती झटकली, आणि मग हात कुठे ठेवायचा ते मला समजेना.

"एक विचारू?" तो म्हणाला. आवाज हळू झाला होता. "तिसऱ्यांदा विचारणार नाही. त्या दिवशी... हिरवं का नाही घेतलंस?"

घेतलंत नाही. घेतलंस.

मी घड्याळाकडे पाहिलं. काटा सहा पस्तीसवर सरकला. मग आतून टक् असा आवाज आला, पंखा फिरला, काचेमागे लाल दिवा लागला. पडदा उजळला, एक पाटी आली, गेली, आणि खेळ उघडला. नदीकाठी आबांचा खेळातला म्हातारा गळ टाकून बसला होता. दोरी पाण्यात. शेजारची जागा रिकामी.

'आलीस?'ची वेळ होत आली होती. पो-च्युन दाराकडे सरकला, मला एकटं सोडावं म्हणून. मी त्याची बाही धरली.

"आबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मी आले. त्या दिवशी हिरवं मिळत होतं. हा देत होता. मला हा फार आवडला... आणि लाज वाटली, म्हणून मी पिवळं उचललं."