मुखवट्याला घातलेली शिवी

आमच्या मिचोआकानच्या डोंगरात नाताळला कुरूपांचा नाच असतो. ज्याचा मुखवटा सर्वांत भयाण, तो सगळ्यांच्या पुढे नाचत जाऊन बाळ येशूला हसवतो. माझा धाकटा भाऊ अन्सेल्मो एकोणीस वर्षं हा मान राखून होता.

मुखवटा दरवर्षी नवा, पांगाऱ्याच्या लाकडाचा. कोरून झाला की ओसरीत टांगायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याला मनसोक्त शिव्या घालायच्या. त्यानंच त्याचा भेसूरपणा मुरतो, असं गाव मानतं. शेजारची चोनामावशी खास त्यासाठी सकाळी सकाळी हजर.

"अरे भोपळ्या, तुला बघून तुझ्या आईनं डोळेच मिटले असतील रे!" आणि स्वतःच हसत सुटायची.

माझं मात्र व्रत. नाताळपर्यंत कुणाला वावगा शब्द बोलायचा नाही. संध्याकाळी जपमाळ ओढून झाली की मी मुखवट्यालाही म्हणे, "देव तुझं भलं करो."

पाचव्या दिवशी त्याच्या गालावरची चामखीळ दिसेना. मग वाकडं नाक सरळ झालं. मी बोट फिरवून पाहिलं. लाकूड कुठं तासलेलं नव्हतं, खाली भुसाही नव्हता. नाचाच्या आदल्या दुपारी तो नवरदेवासारखा देखणा दिसत होता.

"ताई, हे तुझ्या आशीर्वादांचं काम!" अन्सेल्मो हसला. "उद्या मुखवटे पारखायला पंच येतील. याला बघून पोरी लाजतील, हसेल कोण? नवा कोरायला वेळ नाही. घाल ना एक शिवी. एकच."

"व्रत आहे रे."

"बाळ येशूसाठी गं."

मी देवाची क्षमा मागितली. मुखवट्याच्या कानाशी गेले. शिवी काही सुचेना. मग मी फक्त आरशापाशी स्वतःला म्हणते, तेच हळूच म्हटलं. "तुझ्यावर कुणाची माया बसावी, असं तुझ्यात काहीच नाही."

सकाळी मुखवटा पाहून चोनामावशी किंचाळली, मग पोट धरधरून हसली. पंच हसले. अन्सेल्मो पुढे नाचला. कडेवरची पोरंसुद्धा खिदळली. मीही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"मान राहिला, ताई!" अन्सेल्मो घामाघूम झाला होता. "पण आतून फार टोचला. माझ्याच मापाचा, तरी नाकावर बसेना."

मी पुसायला घेतला. उलटा केला. आतली बाजू अन्सेल्मो कधीच घासत नाही.

ती गुळगुळीत होती. वर्षानुवर्षं वापरल्यासारखी.

मी चेहऱ्याला लावून पाहिला. कुठंच टोचला नाही.

दोरी न बांधताच हात खाली घेतले. तो पडला नाही.

चोनामावशी आत आली. माझ्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाली, "अगं लिब्रादा, मुखवटा कुठं ठेवलास? पोरं मागताहेत."