पत्र्याच्या ठिगळाची वाघीण

या, बसा. दचकायला काय झालं? मी काय भूत हाय? कंदील हाय तिथंच र्‍हाऊ द्या, वात आत्ताच कापलीय. त्या फळीवर फडक्याखाली काय हाय ते मंग बघा. आधी ऐका.

पनवेलला रेल्वे आली तवा आमी मिठागरातली मानसं मालधक्क्यावर हमाल झालो. मला लिवता-वाचता येत नाय. सहीपुरतं 'मालू' येवढं काढतो, ते बी कधी कधी उलटं. पन मस्करी करायला शाळा लागत नाय. माझ्या हयातीत मी काय काय केलंय ते आमच्या म्हातारीला इचारा, ती अजून बी तपकिरीची डबी हुंगून मंग उघडते.

आमच्यात एक चाल हाय, ती ध्यानात ठेवा. मालगाडीच्या बंद डब्याला आमी वाघीण बोलतो. वाघीण भरली की मुकादम दार वढनार. पन शिक्का ठोकायच्या आधी तळहातानं फळीवर थाप मारायची नि हाक द्यायची, "आत कोन हाय?" कारन हमाल दुपारचा पोत्यांच्या सावलीत आडवा होतो, त्याचा डोळा लागतो. न इचारता दार लावलं तर तो थेट नागपूरला उतरायचा, तो बी वाळलेल्या बोंबलासारखा. कुर्ल्यापास्नं सगळ्या धक्क्यांवर हीच चाल. नि तिच्यावरची मस्करी बी तेवढीच जुनी. मुद्दाम आत दडायचं, नि मुकादमानं इचारलं की आतनं बोलायचं, "कोनी नाय."

त्यात माझा हात धरनारा कोनी नव्हता. आमचा काशिराम मुकादम माझ्या सात पिढ्या काढत दार उघडायचा, नि समदे हसायचे.

तर मे महिना व्हता. काशिरामनं किल्ली माझ्या अंगावर फेकली. बोल्ला, "मालू, पार तिकडच्या मोडक्या लायनीवर जुनी वाघीण हाय ना, तिचं माप घ्यायला एक जन आलाय. उघडून दे. नि त्याला छळू नको, मोठ्या सायबाची चिठ्ठी हाय त्याच्याकडं."

ती वाघीण लाकडी व्हती. रेल्वे बांधायच्या टायमाला खडी-सिमिट घेऊन आली नि हितंच र्‍हायली. चाकांत गवत माजलेलं. आमी तिच्यात फाटकी पोती नि दोरखंड टाकायचो. दाराशेजारी एक फळी फुटलेली, तिच्यावर पत्र्याचं ठिगळ. हितं आल्यापास्नं तिच्यात मीठ कधी भरलं नाय. तरी हवा दमट झाली की फळ्या आतनं पाझरायच्या. जीभ लावली तर खारट. वास बी तसाच, मिठाचा नि अजून कसला तरी... बंद पेटीत ठेवलेल्या कापडाचा.

मानूस तरना व्हता. मुबारक नाव, पनवेलच्या मोहल्ल्यातलाच, परळच्या कारखान्यात नकाशे काढायचा. फीत, पट्टी, चाकू, पातळ कागद, सगळं पिशवीत. वाघिनीला बाहेरनं असा हात फिरवत निघाला जसा कोन बैल बाजारात बैलाला फिरवतो.

मी बोल्लो, "मुबारकभाय, हिचं लगीन हाय का? चोळी शिवायचीय?"

तो हसला. जेवनाच्या डब्यातनं एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. पंजाएवढी मालगाडीची वाघीण. चहाच्या खोक्याची फळी, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. येक येक रिबीट बोथट खिळ्यानं मागनं दाबून उठवलेलं. दार सरकत व्हतं. दाराला नखाएवढा आकडा, तो बी लागत व्हता.

"चाचा, एका फुटाला पाव इंच. अशा बर्‍याच केल्यात. पण जुन्या लाकडी वाघिणी सगळ्या मोडीत गेल्या. फोटो मिळतो, माप मिळत नाही. नि अंदाजानं केलेली घरी चालत नाही."

"पोरं खेळतात?"

"अम्मा."

मला वाटलं हा माझ्यावर सवाई निघाला. पन तो मस्करी करत नव्हता. चाकूनं वाघिनीचा रंग खरवडत खरवडत सांगत व्हता. वरचा तपकिरी, त्याच्या खाली राखाडी, त्याच्या खाली अजून एक, कांद्यावानी पापुद्रे. फाळनीच्या आदल्या साली त्याच्या घरची मानसं कुर्ल्याला र्‍हायची, बाप यार्डात फिटर. मोठा भाऊ शकील, सतरा वर्सांचा, बापाशी भांडून घरातनं निघाला. आई मागं धावली. लायनींच्या पलीकडनं तिनं पायलं, पोरगा मिठाच्या वाघिनीत चढला. मधी दुसरी गाडी आडवी आली. ती जाईतवर दार लागलेलं, नि वाघीण हललेली. पुढं तपास केला, तार केली. ती वाघीण कुठं गेली ते कुनाला उमगलं नाय.

"आता अम्माला दिसत नाही," मुबारक बोल्ला. "मी केलेली प्रत्येक वाघीण ती बोटांनी चाचपते नि परत देते. 'ही नाय, बेटा.' तिला एवढंच याद आहे, लाकडी होती, नि दाराच्या उजव्या अंगाला पत्र्याचं ठिगळ. हकीम म्हणतात पावसाळा काढणार नाही. नि रेल्वे ही वाघीण सोमवारी तोडणार. एकदा हात लागला पाहिजे तिचा. बस्स."

मी दार उघडून दिलं. हमालांची चाल नि त्यातली मस्करी त्याला सांगितली, जरा हसावा म्हनून. तो पट्टी घेऊन आत चढला. मी मालधक्क्यावर पानी प्यायला गेलो.

परत आलो तवा ऊन डोक्यावर व्हतं. कावळा बी वरडत नव्हता. वाघिनीचं दार अर्धं उघडं, आत काळोख. मला र्‍हावलं नाय. दार वढलं, फळीवर थाप मारली नि काशिरामच्या आवाजात इचारलं, "आत कोन हाय?"

आतनं आवाज आला, "कोनी नाय."

मला हसू आलं. बोल्लो, शिकलं बेनं लगेच. परत थाप मारली. "आत कोन हाय?"

"कोनी नाय..."

ह्या टायमाला आवाज जवळनं आला. फळीला तोंड लावून बोलावं तसा. माझा तळहात अजून फळीवरच व्हता, नि त्या बोलन्याची थरथर माझ्या हाताला लागली.

तवाच माझ्या पायाजवळनं कोनी बोल्लं, "चाचा, कोणाशी बोलताय?"

मुबारक वाघिनीच्या खालनं सरपटत बाहेर येत व्हता. कोपरापर्यंत वंगन. चाकाच्या आसाचं माप घेत व्हता म्हने, मी गेलो तवाच खाली उतरलेला.

मी दार उघडलं. पोती व्हती. दोरखंड व्हते. कोनी नव्हतं. मला वाटलं आपला जगन हमाल असंल, तो बी मस्करीत माझ्याच शाळेतला. वळून पायलं तर जगन तिकडं धक्क्यावर तोंडावर टोपी टाकून घोरत पडलेला.

मी मुबारकला सांगितलं. त्यानं हातातली फीत गुंडाळली. मंग बोल्ला, "चाचा, बाकी कशाचीही करा. ह्याची मस्करी नको."

हयातभर मस्करी केली की हे असं होतं.

तो आत गेला. मी दार धरून उभा, ह्या टायमाला ते सोडलं नाय. त्यानं आतली लांबी मोजली. परत मोजली. बाहेर येऊन बाहेरची मोजली. फीत उलटी धरून मोजली. मंग पायरीवर बसला.

"जमत नाही."

"काय जमत नाय?"

"बाहेरून जेवढी आहे तेवढी आत नाही. फळीची जाडी धरली तरी दीड हात कमी भरते. त्या टोकाला." त्यानं बोट केलं. "जणू तिथं अजून एक भिंत आहे, नि मधी जागा. माणूस उभा राहील एवढी." त्यानं टोकाच्या फळीवर थाप मारली नि हळूच हाक दिली. "शकीलभाई?"

आमी ऐकत र्‍हायलो. फळीतनं खारं पानी ओघळत व्हतं, बाकी काय नाय.

सोमवारी वाघीण तोडली तवा तो बी आला, मी बी व्हतो. त्या टोकाच्या फळ्या पयल्या काढायला लावल्या. येक फळी, नि तिच्या पलीकडं उजेड. मधी भिंत नाय, जागा नाय, काय बी नाय. मुबारकनं पत्र्याचं ठिगळ तेवढं मागून घेतलं.

काशिराम बोल्ला, "माप चुकलं असंल."

मुबारक बोल्ला, "माझं माप चुकत नाही." नि निघून गेला.

पुढं पावसाच्या तोंडावर त्याचा निरोप आला, अम्मा बोलावते. मोहल्ल्यात गेलो. म्हातारी, ताहिराबी तिचं नाव, खाटेवर पडलेली, नुसती हाडं. पन कान तिखट. मी उंबर्‍यात चपला काढल्या तर बोल्ली, "हमालाचे पाय आहेत. ये बाबा."

मुबारकनं नवी वाघीण तिच्या हातात दिली. मापाबरहुकूम केलेली. ठिगळ त्याच पत्र्यातनं कापलेलं. नि आतलं माप जसं निघालं तसंच ठेवलेलं, टोकाला खोटी भिंत घालून. मधी बोटभर जागा. मी कानात बोल्लो, "आरं, तोडली तवा भिंत नव्हती ना?" तो बोल्ला, "मोजली तेव्हा होती."

म्हातारीची बोटं फिरायला लागली. छपरावरनं, चाकांवरनं, दारावरनं. ठिगळावर येऊन थांबली.

"हीच," ती बोल्ली.

मुबारकनं तोंड फिरवलं.

मंग ती सावकाश बोल्ली, "बेटा, एक बात तुझ्या अब्बाला पण नाय सांगितली. मधी गाडी आडवी होती ना, मला दिसत नव्हतं. पण ऐकू येत होतं. मुकादमानं थाप मारली. 'आत कोन हाय?' नि माझा शकील आतून बोल्ला, 'कोनी नाय.' सगळे हमाल हसले. त्यांना वाटलं त्यांच्यातलाच कोनतरी... नि हसत हसत दार लावलं."

मुबारक माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं. ती मस्करी मी त्याला सांगितलेली, पन घरी त्यानं कधी काढली नव्हती, त्याच्या तोंडावर दिसत व्हतं.

म्हातारीनं वाघीण कानाला लावली. बोटानं टिचकी मारली. "आत कोन हाय?"

आमाला काय ऐकू आलं नाय. पन ती हसली. बोल्ली, "अजून सतराचाच आवाज आहे त्याचा."

चार दिसांनी ती गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसानंतर मुबारक हितं आला, ही वाघीण फडक्यात गुंडाळून. "चाचा, तुमच्याकडं ठेवा. घरात नको."

"का? बोलते?"

"बोलत नाही. मी दाराचा आकडा लावून कामाला जातो. परत येतो तेव्हा दार उघडं असतं. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं." येवढं बोल्ला नि गेला. आता बदली मागून घेतलीय त्यानं, लांब कुठं तरी.

तवापास्नं ती त्या फळीवर हाय. दार खरंच उघडं र्‍हातं. दमट हवेत खाली फळी ओली होते. मी कधी नादी लागलो नाय. पन मानसाचा सोभाव... मागल्या बुधवारी आमची म्हातारी लेकीकडं करंज्याला गेली. घरात मी येकला. दिवेलागनीची येळ, कंदील पुसून झाला, नि बोट आपोआप तिकडं गेलं. टिचकी मारली. इचारलं, "आत कोन हाय?"

काय नाय.

मला हसू आलं स्वताचं. वळलो. नि पाठीमागनं, त्या बोटभर जागेतनं, तरन्या पोराच्या आवाजात इचारनं आलं.

"बाहेर कोन हाय?"

आता मला सांगा, ही जीभ हयातभर येकच उत्तर शिकलेली. मी इचार केलाच नाय. तोंडातनं निघून गेलं.

"कोनी नाय."

मंग आतनं कोनी तरी हसलं. नि ते दार सरकलं. नखाएवढा आकडा खट करून पडला.

तवापास्नं ते उघडत नाय. नखानं बघितलं, सुरीनं बघितलं.

तसं काय झालं नाय मला. जेवतो, झोपतो. पन परवा जगन आला, दारात उभा र्‍हाऊन दोन हाका मारल्या, "मालूआबा हाय का?" मी हितंच, ह्याच घोंगडीवर. बोल्लो, "ये रं." त्यानं घरभर नजर फिरवली, बोल्ला, "कोनी नाय," नि गेला. मला वाटलं माझ्यावर मस्करी उलटवतोय.

पन तुमी तर मला ओळखत बी नाय. मघाशी तुमी कंदील उचलून हितं माझ्या तोंडासमोर धरलात, नि इचारलंत, "घरात कोणी आहे का?"

मी दोनदा ओ दिली. तिसर्‍यांदा तुमी दचकलात.