ब्रेकवरचा पाय

लाईट गेली होती. थोड्या वेळाने इन्व्हर्टरनेही मान टाकली. जेवणं उरकून सगळी भाचरं गच्चीवर मामांच्या चटईभोवती गोळा झाली. मामांचा उभा जन्म विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेलेला, त्यामुळे त्यांच्या गोष्टींत राजवाडे नसत, गॅरेजं असत.

"भुताची सांगा," थोरला म्हणाला.

"भूतबीत काही नसतं. मीटरची सांगतो. माझ्या चांगल्या ओळखीतला माणूस, आणि थापा मारायला त्याला कधी फुरसतच मिळाली नाही. मध्ये कोणी बोलायचं नाही. आणि धाकटे, जिन्याकडे पाठ करून बसू नकोस. नंतर खाली जाताना मलाच सोबत यावं लागतं."

धाकटी मुकाट्याने सरकून भिंतीला टेकली. मामांनी सांगितलं ते असं.

मीटर म्हणजे गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. खरं नाव असेल कुठेतरी कागदोपत्री. वीज मोजायचा मीटर लावल्याशिवाय कशालाही "हो" म्हणायचा नाही, म्हणून मीटर. बायकोने चहा गरम आहे का विचारलं तरी हा खिशातून मीटर काढेल, असं गॅरेजमध्ये म्हणत. वय पन्नाशीचं, कंबर सत्तरीची.

त्याच्याकडे एका वकीलसाहेबांच्या विधवा बाईंची गाडी आली होती. एकोणीस वर्षांची जुनी, पण दार लावलं की अजून तिजोरी लावल्यासारखा आवाज यायचा. दुखणी दोन. एसी डाव्या बाजूला बर्फासारखा आणि उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला नुसती भट्टी. शिवाय रात्री उभी केली की सकाळी बॅटरी मेलेली. आधी एका गॅरेजने कॉम्प्रेसर बदलला होता, दुसऱ्याने दोनदा बॅटरी. दुखणं जिथल्या तिथे. बाई म्हणाल्या होत्या, "शनिवारी सकाळी न्यायला येते. जमलं नसेल तर सरळ सांगा, भंगारात देऊन टाकते."

शुक्रवार, एकोणीस एप्रिल. रात्री नऊला मीटर कामाला लागला, एकटाच. पण त्याचा अर्धा जीव घड्याळात होता. पहाटे पाच-दहाच्या गाडीने त्याची एकुलती एक मुलगी निघणार होती. लांबच्या शहरात नोकरी, दोन वर्षं, मध्ये सुट्टी नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून कॉलेजच्या निरोपापर्यंत बाप प्रत्येक ठिकाणी खुर्च्या उचलायच्या वेळी पोचलेला. या वेळी ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "बाबा, स्टेशनवर तरी वेळेत."

एसीचं काम अकरापर्यंत उरकलं. डॅशबोर्डच्या पोटात गार-गरम हवा वळवणारी झडप असते, तिची आगपेटीएवढी मोटर जळाली होती. बदलायला दहा मिनिटं. तिथपर्यंत हात पोचायला मात्र दीड तास उताणं पडावं लागलं.

मग बॅटरी. असल्या गाड्यांची एक गंमत असते. त्या झोपतात. दारं लावली की आतले छोटे छोटे मेंदू अर्ध्या तासात एकेक करून निजतात, आणि मगच कळतं की कोण जागं राहून वीज पितंय. मीटरने बॅटरीच्या वायरमध्ये आपला मीटर अडकवला. दारं उघडी ठेवून त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने वळवली, म्हणजे गाडीला वाटावं, दारं लागली. मग स्टुलावर बसून राहिला. आकडा उतरत गेला. गाडी निजली. त्याच्याही पापण्या मिटल्या… आणि आकड्याने उडी मारली. पुन्हा अर्धा तास. पुन्हा तेच. मग एकेक फ्यूज काढत गेला, तेव्हा ब्रेकच्या दिव्यांपाशी चोर सापडला.

म्हणजे वायर सोलली होती, बहुतेक डिकीच्या बिजागरीत. ब्रेक दाबून धरायचा आणि डिकीचं झाकण हळूहळू वरखाली करायचं. दिवा लुकलुकला की जागा सापडली. पण ब्रेक दाबणार कोण? एरवी तो सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवायचा. इथे सीटला उंची कातडं. ओरखडा उठला असता तर बाईंनी त्याचंच कातडं काढलं असतं.

सव्वा वाजला होता. त्याने मान वर केली. अर्ध्या शटरखाली एक माणूस उभा होता. साठीच्या आसपासचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काखेत टोपी. शर्ट अंगाला घामाने चिकटलेला.

"बाईंनी पाठवलं का? ड्रायव्हर ना तुम्ही?"

माणसाने मान हलवली.

"बरं झालं बाबा. या, बसा. ब्रेक दाबून ठेवा. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. जमेल ना?"

"सवय आहे," तो म्हणाला.

"मामा, रात्री सव्वा वाजता कोण ड्रायव्हर पाठवतं?" थोरल्याने विचारलं.

"दमलेल्या माणसाला फुकटचा मदतनीस मिळाला, की तो असल्या चौकशा करत नाही. तू जागा असशील, म्हणून तुला सुचतंय. गप्प बस."

डिकीचं झाकण निम्म्यावर आलं आणि दिवा लुकलुकला. सापडली! बिजागरीत घासून वायरीचं तांबं उघडं पडलेलं. मीटरने सगळी जुडी सोडवली, एकेक वायर सांधली, टेप गुंडाळली. चष्मा घामाने घसरत होता. दोन तास गेले. समोरून हूं नाही की चूं नाही. शेवटी त्याने खिडकीतून हात घालून गाडी चालू केली, एसी लावला.

"हवा कशी येतेय दादा?"



"गार…" तो म्हणाला. "या बाजूला… गार."

आवाज असा होता, की मीटरला उगाचच भरून आलं. दमला की होतं असं, त्याने स्वतःला समजावलं.

तीन पन्नासला मुलीचा फोन. "बाबा, निघालात का?"

मग नुसती धांदल. गाडी बंद केली. सकाळी भरलेली असावी म्हणून बॅटरी उपसली, कोपऱ्यातल्या बाकावर चार्जरला लावली. हत्यारं पेटीत. शटर खाली. कुलूप. स्कूटरला तीन किका.

साडेचारला बापलेक घरून निघाले. मुलगी मागे, बॅग पुढे दोन पायांच्या मध्ये. स्टेशनचा रस्ता गॅरेजवरूनच जायचा. गॅरेजसमोरच्या चौकात आल्यावर मीटरने करकचून ब्रेक मारला.

"काय झालं?"

"मी त्याला 'सोडा' म्हणालोच नाही."

"कुणाला?"

"ड्रायव्हरला. अगं, आतच होता तो… मी बाहेरून कुलूप घालून आलो."

मुलीने मोबाईल पाहिला. चार बेचाळीस. तोंडावर आलेलं तिने गिळलं. "जा. दोन मिनिटं. मी इथेच उभी राहते."

तो कुलपाशी वाकला. घाईत किल्ली लागेना. मागून ती हळूच म्हणाली,

"बाबा… आत लाल लाईट चालू आहे."

शटरच्या फटीतून फरशीवर तांबडी पट्टी पडली होती.

"नसणार," तो म्हणाला. "बॅटरी काढलीय मी."

"मग हे…"



शटर गुडघ्याएवढं उचललं. आत गाडी. मागचे दोन्ही दिवे पेटलेले. लख्ख. स्थिर. बाकावर बॅटरी. चार्जरचा हिरवा ठिपका. बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये दहा पावलं मोकळी फरशी.

वायर नाही. काही नाही.

"दादा?"

…

"दादा, आहात का आत?"

…

पाय दाबलेलाच होता. कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून.

रेल्वे सुटायला पंचवीस मिनिटं. शटर ओढावं आणि पळावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. जन्मभर त्याने तेच तर केलं होतं, कुणालातरी थांबायला सांगून कामाला पळायचं. त्याने मागे पाहिलं. मुलगी बॅग छातीशी धरून उभी होती. घाबरलेली. पण उभी.

तो शटरखाली वाकला.

"सोडा दादा," तो म्हणाला. "झालं काम. तुम्ही जा आता. कुणासाठी थांबायचं नाही."

…

…

दिवे विझले. पेडल वर आल्याचा आवाज झाला. लहानसा. मग एक लांब सुस्कारा. तो गाडीचा होता की कुणाचा, मीटर आजही सांगत नाही.

शटरला पुन्हा कुलूप घालून ते पळतच स्टेशनवर पोचले. डबा हलायला लागला तेव्हा मुलीने दारातून त्याचा तेलकट हात धरला होता. "वेळेत आलात," एवढंच ती म्हणाली, आणि हात सुटला.

सातला तो गॅरेजवर परतला. बाई दारात उभ्या होत्या, गाडी चालवायला भाच्याला घेऊन आलेल्या.

"तुमचा ड्रायव्हर आला होता रात्री," मीटर म्हणाला. "चांगला माणूस. फार मदत झाली."

बाईंचा चेहरा उतरला. "कसा दिसत होता?"

त्याने सांगितलं.

"त्याला जाऊन चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "साहेब कोर्टात गेले, म्हणाले, मी येईपर्यंत गाडीतून हलायचं नाही. गाडीत कागदपत्रं होती. मे महिना. त्याच्या बाजूचा एसी बंद पडलाय, हे तो दोन उन्हाळे सांगत होता. साहेब मागे डावीकडे बसायचे… त्यांना गारच लागायचं. खटला लांबला. संध्याकाळी आले तेव्हा…"

मीटरने कुलूप काढलं, शटर वर ढकललं. उजेड आत गेला. बॅटरी अजून बाकावरच होती. भाच्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तो तसाच थबकला.

त्या गाडीची सीट बटणावर चालते. मोटर असते आत. बॅटरी नसेल तर दोन माणसांनी जोर लावला तरी तसूभर हलत नाही. रात्री ती स्टिअरिंगपाशी ताठ होती.

आता ती पार मागे सरकलेली होती. पाठ पूर्ण आडवी… फार दिवसांनी कुणीतरी पाय लांब करून निजावं, तशी.