तळमजल्यावरचे जुने बोर्ड

त्याने आतून दार उघडायला आणि तिने बाहेरून ढकलायला एकच गाठ पडली. तिच्या हातातला सर्किट बोर्ड निसटला… आणि जमिनीवर आपटायच्या आत त्याने तो अलगद झेलला.

“कडेने धरायचा,” तो म्हणाला. “पोटाला हात लावलेला याला खपत नाही.”

“आणि दारात कोणी आडवं उभं राहिलेलं मला खपत नाही.”

तो हसत बाजूला झाला. मधलं अंगण ओलांडताना छत्री उघडायचा तिने कंटाळा केला होता. केसांवर पावसाचे थेंब तसेच होते. त्याने आधी बोर्ड पुसला, मग उरलेला कोरडा रुमाल तिच्यापुढे धरला.

“पेशंटला काय होतंय?”

“वेग वाढवला की गप्प होतो. बोलतच नाही.”

“धाकात ठेवलं असेल तुम्ही,” तो म्हणाला, आणि तिला हसू आवरेना.

ऑफिसात तिला सगळे केरसुणी म्हणत. लहान यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी ती कंपनी. त्या सिस्टिमचा अगदी आतला गाभा, कर्नल, त्यात वर्षानुवर्षं साचलेला जुना कोड निस्तरायचं काम तिच्या गळ्यात पडायचं, आणि तिला ते मनापासून आवडायचंही. सध्या तिच्यापुढे होता ड्रायव्हर, म्हणजे प्रोसेसरचा वेग सांभाळणारा कोडचा भाग. काम वाढलं की प्रोसेसर पळवायचा, काम नसलं की हळू चालवायचा, म्हणजे यंत्र तापत नाही आणि बॅटरी टिकते. पण चिपच्या तीन पिढ्यांसाठी तीन वेगळ्या फाइली होत्या. प्रत्येक आधीच्या फाइलीवरून उतरवलेली आणि वरून ठिगळं लावलेली. त्यांची मिळून एकच नेटकी फाइल करायची होती.

आणि केलेला प्रत्येक बदल खऱ्या बोर्डांवर तपासणारा माणूस मागच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये बसायचा. बोर्डांना सतत तारा लावून ताप बघत असतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

“इथे बघा,” त्याने पडद्यावरची रेघ दाखवली. “वेग वाढवायच्या आधी व्होल्टेज वाढवायचं. मग जरा दम धरायचा. तुम्ही सफाईच्या नादात तो दमच काढून टाकलाय.”

“किती धरायचा?”

“तुमच्या स्वभावाला झेपेल त्याहून… थोडा जास्त.”

तिने रागाने बघायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

मग दुपारी तळमजल्यावर जाणं हे तिचं कामच होऊन बसलं. आधी बोर्ड बिघडला म्हणून, नंतर बोर्ड चांगला चाललाय ना हे बघायला. तो तारा जोडायचा, ती कोड बदलायची. कधी दोघांची बोटं एकाच तारेवर यायची, आणि मग दोघंही त्या तारेचं भलतंच कौतुक करत बसायचे. कुठल्या पिढीची चिप किती तापते हे तो हात न लावता सांगायचा. आईवडिलांमागे त्याला वाढवणाऱ्या आत्याच्या गोष्टीही सांगायचा. ती म्हणे रोज विचारायची, “तुझे ते बोर्ड तुला पोळ्या करून घालणार आहेत का?”

इकडे घरी वहिनी डबा भरताना भुवई उंचावत होती. “हल्ली भूक बरीच वाढलीय तुझी?”

“काम वाढलंय, वहिनी.”

“हो का? मग कामाला भाजी आवडली का विचार.”

बदलाच्या टिपणात, ज्याने तपासलं त्याचं नाव तळाला घालायची पद्धत असते. तिने त्याचं घातलं. एरवी कोणी तसदी घेत नसे. त्याने ती ओळ परत परत वाचली आणि उगाच चष्मा पुसत बसला.

अशातच टीमच्या मॅडमनी तिला बोलावलं. “सगळ्यात जुन्या पिढीचं काय करायचं? निम्मी गुंतागुंत तिचीच आहे. ठेवायची की काढायची… तू ठरव.”

ती तशीच तळमजल्यावर आली. “ती जुनी चिप अजून कोणी वापरतं का हो?”

तो हातातली तार गुंडाळत होता. हात थांबले. बाहेर अंगणात पाऊस पत्र्यावर बडबडत होता, आणि तो तिकडेच बघत राहिला.

“असेल… एखादा हट्टी माणूस.”

“म्हणजे कोणी नाहीच!” ती हसली. “मग काढून टाकते. काय सुटसुटीत होईल ड्रायव्हर!”

“होईल,” तो म्हणाला. “चांगला होईल.”

तो क्षणभर थांबला होता, हे तिने पाहिलं होतं. का थांबला, ते तिने विचारलं नाही. पुढे तिला हेच सगळ्यात जास्त बोचणार होतं.

काम पुरं झालं. नवा कोड सगळ्या तपासण्यांत पास झाला. टीमने टाळ्या वाजवल्या, मॅडमनी पाठ थोपटली. “आणि एक बरं झालं,” त्या म्हणाल्या, “नवे बोर्ड आता आपोआप तपासता येतात; जुन्या बोर्डांसाठीच ती खालची लॅब चालू ठेवावी लागत होती. आता बंद करता येईल.”

ती अंगणातून धावतच गेली. या वेळीही छत्री नव्हती.

टेबल रिकामं होतं. तो बोर्ड एकेक करून खोक्यात ठेवत होता… कडेने धरून.

“तुला माहीत होतं?” तिच्या तोंडून एकेरी कधी निघालं, तिला कळलंच नाही.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि तरी माझ्या शेजारी बसून रोज तारा जोडत होतास? एका शब्दाने बोलला असतास तर…”

“तर तू जुनी चिप ठेवली असतीस. माझ्यासाठी.” तो खोक्याकडेच बघत बोलत होता. “मग मी तुझ्याशी जे काही बोललो असतो ना, ते नोकरी वाचवायला बोलतोय असंच मला वाटत राहिलं असतं. तुलाही, कधीतरी.”

“काय बोलणार होतास?”

तो नुसता हसला. ते हसू तिला बघवेना.

“मला आवडतोस तू,” ती म्हणाली. “लॅब नसली तरी. बोर्ड नसले तरी. माझ्या हाताने मी हे… मला खरंच माहीत नव्हतं रे.”

“मला ठाऊक आहे. आणि मलाही तू…” त्याने खोक्याचं झाकण मिटलं. “दुसऱ्या शहरातली नोकरी घेतलीय मी. तू चिप काढायचं म्हणालीस तेव्हापासूनच शोधत होतो. आत्या सामान घेऊन पुढे गेलीसुद्धा.”

“मी तिकडे येत जाईन.”

“आत्ता नको.” त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “राग नाही तुझा. पण सध्या तुझ्याकडे पाहिलं की मला हे रिकामं टेबल दिसतं. ते दिसायचं थांबू दे.”

“आणि नाहीच थांबलं तर?”

त्याने खोकं एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने तिच्या कपाळावरची ओली बट मागे सारली, आणि निघाला. ती दारात बाजूला झाली. वाट अडवून उभं राहायची हीच वेळ होती, आणि ती बाजूला झाली.

संध्याकाळी ती भिजतच चालत घरी निघाली. म्हणायचं ते सगळं आता सुचत होतं. नोकरी राहू दे, लॅब राहू दे, ते रिकामं टेबल आपण दोघं मिळून बघू. आणि या सगळ्याआधी म्हणायचा तो एकच शब्द, भर रस्त्यात तिच्या तोंडून मोठ्याने निघाला.

“थांब ना!”

पुढे चाललेले छत्रीवाले गृहस्थ दचकून थांबले. वळून म्हणाले, “मला म्हणालात का?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही जा.”