माझं वाक्य मला संपवू दे

त्या उंच, गोऱ्या माणसाने फक्त "नमस्कार" म्हटलं होतं. एवढंच! तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्याला शिंक आली. आणि औषधाच्या दुकानातल्या बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"अगंबाई, किती छान कोरियन बोलता हो तुम्ही!" वर त्याला व्हिटॅमिनची एक छोटी बाटली फुकट.

मग माझी पाळी आली. रांगेत उभ्या उभ्या मी वाक्य घोकलं होतं... माझ्या आईला कोरडा खोकला झालाय, रात्री फार वाढतो, झोप लागत नाही. अख्खं वाक्य, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. मी तोंड उघडलं. "माझ्या आईला..."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय? कोरियनच आहेस ना गं तू? मग अशी काय बोलतेस?"

झालं! जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

चेहरा माझा इथलाच आहे, हा माझा गुन्हा. पणजोबा इथून उत्तरेला रशियाच्या हद्दीत गेले, तिथल्या सरकारने त्यांना आगगाडीत कोंबून ताश्कंदच्या बाजूला नेऊन टाकलं, आणि मी, त्यांची पणती रिम्मा युगाय, परत इथे ग्वांग्जूला आले, तोंडात रशियन घेऊन. आता हे सगळं मी दर वेळी खोकल्याच्या औषधाआधी सांगत बसू का? गोरा एक शब्द बोलला की कौतुक, मी अख्खं वाक्य बोलले की झाडाझडती! टॅक्सीवाला हसतो, बँकेतली मुलगी कपाळाला आठ्या घालते. आजीकडून शिकलेले चार शब्द वापरावेत, तर म्हणतात, हे कुठल्या जमान्यातलं बोलणं? म्हणून मी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. ऐकलेलं सगळं कळायचं, पण तोंडाला कुलूप.

"त्यांच्या आईला खोकला आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "कोरडा. रात्री वाढतो. झोप लागत नाही."

मी गर्रकन वळले. एक मुलगा. भिजलेले केस, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं काही माझी-त्याची जुनी ओळख आहे.

"तुम्ही... कसं...?"

"रांगेत पुटपुटत होतात ना. मी मागेच होतो. मलाही पाठ झालं."

मला लाजही वाटली आणि रागही आला. राग जास्त. पण औषध घेऊन बाहेर पडले तर रिमझिम होती, माझ्याकडे छत्री नव्हती, आणि त्याने आपली अर्धी छत्री काही न विचारता माझ्या डोक्यावर धरली...

"जपून. जिन्कोची फळं पडलीत. पायाखाली चिरडली की बुटांचा वास आठवडाभर जात नाही." तो थांबला. "मी ताक हान्सोल. लोकांना गाडी चालवायला शिकवतो. आणि तुम्ही—"

"रि... रिम्मा."

"रिम्मा. राग नाकावर घेऊन फिरता वाटतं?"

ह्याला असं काही झणझणीत उत्तर द्यावंसं वाटलं! रशियनमध्ये माझ्याकडे दहा तयार होती. कोरियनमध्ये मी म्हटलं, "नाही." तो खळखळून हसला. त्याचा एक खांदा पार भिजला होता, ते मला घरी पोचल्यावर आठवलं. मग पुष्कळ वेळ आठवत राहिलं.

आमच्या वोल्गोक भागात माझ्यासारखेच परत आलेले लोक राहतात, तिथे रशियनवर सगळं भागतं. मी तिथल्या बेकरीत काम करते. तंदूरमधले गोल, फुगीर पाव विकते. कुठून पत्ता काढला कोण जाणे, दुसऱ्या आठवड्यात हान्सोल दारात हजर. मग रोजच. गरम पाव हातात नाचवत तो मला त्या दिवशीच्या शिकाऊंच्या गमती सांगायचा. कुणी गाडी कुंपणात घातली, कुणी रडलं. बोलायचा तो, हसायचे मी.

एक दिवस मी सगळा धीर एकवटून विचारलं, "इतका... पाव... कोण खातं?"

त्याने पाव खाली ठेवला. "पावासाठी कोण येतं?"

माझे कान तापले. मी उगाचच काउंटर पुसायला लागले.

"आणि आता ते 'तुम्ही' पुरे," तो हळूच म्हणाला. "'तू' म्हण की."

"तू..." मी म्हटलं. माझ्या तोंडातला हा शब्द मलाच फार आवडला.

असं सगळं छान चाललं होतं. खरंच. पण माझा राग उगाच नाही. ऐका.

हान्सोलच्या शिकवायच्या गाडीत त्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. शिकाऊ चुकणार असं वाटलं की हा दाबतो. बोलण्यातही त्याची तीच खोड! मी "मला..." म्हटलं की हा "पाणी हवंय?" मी "उद्या..." म्हटलं की हा "उद्या जमणार नाही ना? ठीक आहे." हॉटेलात माझ्या वतीने तोच मागवणार, फोनवर माझ्या वतीने तोच बोलणार. केस कापायला गेले तर त्या बाईंना म्हणाला, "थोडे आणखी बारीक करा, तिला तेच म्हणायचंय." मला तेच म्हणायचं नव्हतं! महिनाभर कपाळावर झाडू घेऊन फिरले मी. आणि हे सगळं इतक्या प्रेमाने, की रागवायचीही सोय नाही. मीही आळसावले. आयता बोलणारा मिळाल्यावर कोण कशाला जीभ झिजवेल? दोन-चार शब्द बोलायचे, तेही बंद झाले.

तशात माझ्याकडे एक वाक्य होतं, आणि ते मला त्याला सांगायचंच होतं. वसंतात आई ताश्कंदला परत जाणार होती, म्हाताऱ्या आजोबांकडे. मी जाणार नव्हते. मी इथे रुग्णांची शुश्रूषा करायचा अभ्यासक्रम घेणार होते, हे एक कारण. दुसरं कारण माझ्यासमोर बसून सुर्र-सुर्र नूडल्स ओढत होतं.

"वसंतात... मी..."

हान्सोलचा हात थबकला. "माहितीये. आईबरोबर जाणार. बेकरीतल्या ताई बोलल्या मला." तो खाली बघत म्हणाला, "नको बोलूस. तुला त्रास होतो."

मी जोरजोरात मान हलवली. त्याला वाटलं मी रडतेय. त्याने मला रुमाल दिला!

बसमध्ये पुन्हा प्रयत्न केला, नदीकाठी केला. दर वेळी तो घाईघाईने विषय बदलायचा. फोनवर लिहून दाखवता आलं असतं, हो. पण हे वाक्य मला माझ्या तोंडाने बोलायचं होतं; भाषांतर करणाऱ्या यंत्राला काय पडलंय माझ्या प्रेमाचं? इकडे तो हळूहळू लांब जायला लागला. चेरी फुलल्यावर कुठे जाऊ, पुढच्या उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ, असलं तो काही बोलेनासा झाला. चार शब्द तोंडातून निघेनात, म्हणून माझा माणूस माझ्या हातातून निसटत होता.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याने मला ह्वासुनला त्याच्या गावी नेलं. वर्षाची किमची घालायचा दिवस होता. अंगणात मीठ लावून मुरवलेल्या कोबीचे डोंगर, घमेल्यांत तिखटाचा लालभडक मसाला, खारवलेल्या मासळीचा वास, आणि भोवती गुलाबी रबरी हातमोजे घातलेल्या शेजारच्या मावश्या. मी पानापानात मसाला चोळत बसले. मधूनच कुणीतरी ताज्या पानाची गुंडाळी करून शेजारणीच्या तोंडात कोंबत होतं. मी कामाला बरी आहे असं सगळ्यांचं मत पडलेलं दिसलं.

मग हान्सोलच्या आईने हात न थांबवता विचारलं, "काय गं पोरी, तुझी आई वसंतात जाते म्हणे. तुझं काय?"

सगळ्या मावश्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. "मी..."

"तीपण चाललीये, आई," हान्सोल म्हणाला. कोबीचे गड्डे उचलता उचलता, पाठमोरा. "विचारू नकोस ना तिला. अवघड जातं बोलायला."

"बिचारी," एक मावशी कुजबुजली. "गुणाची आहे हो. पण सदा मूग गिळून बसलेली."

माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले.

"हान्सोल!"

तो धावत आला. "काय झालं? हात झोंबतायत? मावशी, हिला दुसरे मोजे—"

"मोजे नको! तू... तू गप्प!" मावश्यांचे डोळे विस्फारले. विस्फारू देत! "मी बोलते. दर वेळी तू... तू माझ्या—"

"मध्ये येतो," तो म्हणाला.

बघा! अजूनही! मी कोबीचं सगळ्यात मोठं पान ओढलं, त्यात मूठभर मसाला भरला, गुंडाळलं आणि त्याच्या तोंडात कोंबलं. घास भरवायचा तर भरवला. दोन्ही गाल फुगले त्याचे.

"मी जात नाही!" मी ओरडले. "आई जाते. मी राहते! तुला मी नूडल्स खाताना सांगते, बसमध्ये सांगते, नदीवर सांगते... आणि तू माझा शब्द खातो! औषधवाली रागवली, टॅक्सीवाला हसला, ते परके. तू परका आहे? तू मदत करतो, मदत करतो, आणि मी मुकी होते!"

"'झाले' म्हणावं गं," एका मावशीने सुचवलं.

"ए, तू गप बस!" हान्सोलची आई कडाडली. "पोरीला बोलू दे! बोल गं. चुकलीस तर चुकलीस."

"आणि माझे केस पण!" मी म्हटलं.

मावश्या फुटल्याच हसून. मलाही हसू आलं, आणि हसता हसता लक्षात आलं, मला भीतीच वाटत नव्हती. चुकांचा पाऊस पडत होता आणि मी त्यात मजेत उभी होते.

हान्सोलने कसाबसा घास गिळला. डोळ्यांतून पाणी. मसाल्याचं असावं... किंवा नसावं.

"झालं बोलून?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. एक राहिलं." आता माझा आवाज खाली आला. "मी राहते, कारण..."

त्याचे ओठ हलले. मी बोट उगारलं. त्याने ओठ मिटले.

"कारण... इथे... तू आहे. मला तू आवडतो. फार. पण मला... बोलू दिलं तर."

तो शेवटच्या शब्दापर्यंत थांबला. मग आणखी थोडा थांबला, न जाणो अजून काही असेल म्हणून.

"ऐकलंस ना?" त्याची आई म्हणाली. "मग दे की उत्तर! जन्मभर सगळ्यांच्या वतीने बोलतोस. आता तुझी का दातखीळ बसली?"

"रिम्मा, मी..." त्याचे कान मसाल्याहून लाल झाले होते. "म्हणजे, मला वाटलं होतं तू... मी तुला..."

"लग्नाचं—" मावशीने तोंड घातलं.

"कुणी मदत करायची नाही!" मी म्हटलं.

त्याला काय म्हणायचंय ते मला लख्ख दिसत होतं. ते वाक्य पुरं करून देणं अगदी सोपं होतं. पण मी हातमोजे काढले, एक घमेलं पालथं घालून त्याच्यासमोर ऐसपैस बसले.

"सावकाश बोल," मी म्हटलं. "मला काही घाई नाही."