बिनभोंग्याचा हादरा

गडचांदूरच्या पलीकडे, चुनखडीच्या एका खाणीला खेटून, तीसेक घरांचं एक गाव होतं. त्या गावाला घड्याळाची गरज पडत नसे. रोज दुपारी दोनला खाणीचा भोंगा व्हायचा. पहिला भोंगा म्हणजे घरात शिरा, दुसरा म्हणजे सुरुंग उडणार, तिसरा म्हणजे झालं, या बाहेर. सुरुंग उडाला की जमीन हादरायची, फळीवरची भांडी खडखडायची, छपराच्या कवेलूंतून माती गळायची आणि कधीमधी नारळाएवढा दगड थेट गावात येऊन पडायचा. त्यामुळे तिथल्या लेकरांना अक्षरं येण्याआधी एक गोष्ट यायची: जमीन हालली की घरात पळायचं आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात दबून बसायचं. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर सगळ्यांनी तो पाहिला होता, चुकचुकले होते. पण ज्यांची भांडी रोज दोन वाजता नाचतात, त्यांना भूकंपाचं काय कौतुक! भूकंपात घराबाहेर पळायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंही असेल. अंगात भिनलेलं मात्र नेमकं उलटं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. खाण चार दिवस बंद होती, कुठलं तरी मोठं यंत्र बिघडलं होतं. सुट्टी साधून गावातले बहुतेक लोक ट्रॅक्टर करून तालुक्यातल्या एका गावी लग्नाला गेले होते. गिरजाचा नवरा उमाजीही गेला. गिरजाला जाता आलं नाही, कारण दोन वर्षांच्या पिंटूला ऊन लागलं होतं. त्याला पन्हं पाजत, कपाळावर ओला फडका ठेवत ती घरीच राहिली. सोबतीला सहा वर्षांची भाग्यश्री.

दुपारी घरातलं पाणी संपलं म्हणून ती पोरीला घेऊन बोअरिंगवर गेली आणि हंडा डोक्यावर, पाण्याची छोटी गुंडी पोरीच्या हातात, अशी परत आली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चार घरं सोडून अंजनाबाई म्हातारी तेवढी आपल्या ओसरीत निजली होती. पिंटू अंगणातल्या मांडवाखाली बाजेवर झोपला होता. ताप उतरला होता. गिरजानं हंडा उतरवला आणि पदरानं तोंड पुसत ती बाजेच्या कडेला टेकली. मांडवाखाली बरं वाटत होतं.

गल्लीच्या त्या बाजूला पाहायचं मात्र ती टाळत असे. तिथे मुखरू मेला होता.

मुखरू म्हणजे खाणीचा लाल झेंडेवाला. पहिला भोंगा झाला की बिडी कानावर खोचून, झेंडा हलवत तो गावातून फिरायचा. आधी एक कोरडा खोकला आणि मग आरोळी, "लेकरं आत घ्या वो बाई... आत, आत!" पौषातल्या एका दुपारी भोंगा झाला तेव्हा गिरजा चुलीपाशी होती. पोरगी घरातच आहे असं ती धरून चालली. पोरगी होती गल्लीत, शेळीच्या पिलामागे. मुखरूनं तिला पाहिलं, बखोटीला धरून जवळच्या दारातून आत ढकललं आणि वळेवळेपर्यंत दगड त्याच्या पाठीत बसला. गावानं म्हटलं, त्याची वेळ भरली होती. कुणी गिरजाला बोल लावला नाही. पण मनातल्या मनात तिला ठाऊक होतं, तो दगड कुणाच्या वाटणीचा होता ते. असा अवचित गेलेला माणूस आपलं राहिलेलं न्यायला येतो, भर दुपारी दारात येऊन हाक मारतो, त्याच्या हाकेला ओ द्यायची नसते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेव्हापासून दुपारी कुणीही हाक मारली की ती आधी खिडकीतून पाहून घ्यायची आणि मगच बोलायची.

बाजेवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागत होता. तेवढ्यात कावळे एकदम उडाले. जमिनीच्या पोटातून घरघर आली. हंड्यातलं पाणी हिंदकळलं आणि बाज तिच्यासकट सरकली.

"मेल्याहो, भोंगा तं वाजवा!" खाणीवाल्यांना शिवी हासडत ती उठली. खाण बंद आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. पिंटूला काखेत मारलं, भाग्यश्रीचं मनगट पकडलं आणि उघड्या अंगणातून, मांडवाखालून, तिनं दोन्ही लेकरं घरात ओढली. दार लोटलं. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात बसली, लेकरांवर वाकली आणि डोळे मिटून घेतले. आई म्हणून जे करायचं ते तिनं क्षणात केलं होतं. तिचं काही चुकतंय असं तिला वाटायचं कारणच नव्हतं.

भांडी खडखडून थांबली. कवेलूंतून माती गळत होती. दर दिवाळीला शेणामातीनं बुजवलेल्या भिंतीतल्या भेगा पुन्हा तोंडं उघडून बसल्या होत्या. ती तिसऱ्या भोंग्याची वाट पाहू लागली. भोंगा होईना. कुत्रंही भुंकेना. इतकी शांतता त्या गावात रात्रीसुद्धा नसे.

मग दाराबाहेर कुणीतरी खोकलं.

कोरडा, एकच खोकला. पाठोपाठ फटीतून बिडीचा वास आला.

"गिरजाबाई..."

तिनं दोन्ही लेकरांना घट्ट आवळलं.

"गिरजाबाई... लेकरं बाहेर काढ वो..."

आवाज मुखरूचा होता. शंकाच नको. पण पंधरा वर्षं ज्या माणसानं "आत, आत" यापलीकडे एक अक्षर म्हटलं नव्हतं, तो आज "बाहेर" म्हणत होता. गिरजाला सगळं उमगलं, किंवा तिला तसं वाटलं. तो आला होता. पौषात आपला जीव देऊन जी पोर त्यानं वाचवली, ती न्यायला आला होता. बाहेर मेलेला माणूस आणि आत ती एकटी. तिनं भाग्यश्रीला आणखी जवळ ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला, पोरीनं चुकून ओ देऊ नये म्हणून.

"लवकर... वो बाई... लवकर..."

"जा तू, भाऊ," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "माह्या पोरीले हात नको लावू... माह्यं काय न्याचं ते ने..."

भाग्यश्री तडफडू लागली. आधी हातपाय झाडले, मग मान फिरवून दाराकडे पाहिलं आणि एकदम सगळं बळ एकवटून आईच्या हाताला कडकडून चावली. दात मांसात रुतले. कळ मस्तकात गेली, पकड सुटली आणि पोरगी दार उघडून त्या पांढऱ्याफटक उन्हात पळाली.

मागचापुढचा विचार न करता गिरजा पिंटूला उचलून तिच्यामागे धावली. उंबरा ओलांडला, मांडवाखाली आली, आणि जमीन दुसऱ्यांदा हालली. पाठीमागे मोठा आवाज झाला. वळून पाहिलं तर मागची भिंत, जिच्या कोपऱ्यात ती आत्ता बसली होती, आत कोसळली होती आणि तिच्यावर अख्खं छप्पर.

धूळ बसेपर्यंत तिनं दोन्ही लेकरांना पोटाशी धरलं होतं. गल्लीत कुणी नव्हतं. अंजनाबाई काठी टेकत आली. तिनं कुणाची हाक ऐकली नव्हती.

"बिलास्टिंग नाई झाली वो," म्हातारी म्हणाली. "धरणी हालली. खाण तं बंद आहे ना!"

तेव्हा कुठे गिरजाला कळलं की आपण लेकरांना मोकळ्या अंगणातून उचलून मरणाच्या तोंडात नेऊन बसवलं होतं. ती हंबरडा फोडून रडली.

संध्याकाळी लग्नाचे लोक परतले. रेडिओनं सौम्य धक्का म्हणून दोन ओळींत बातमी आटोपली. पडलेलं घर एकच, गिरजाचं. तिनं सगळ्यांना मुखरूची हाक सांगितली आणि गावाचे डोळे पाणावले. उमाजीनं मुखरू पडला होता त्या जागी नारळ फोडला, बिडीचं बंडल ठेवलं. गिरजा मुखरूच्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडली. अंजनाबाई म्हणाली, "लेकरायवर लय जीव होता त्याचा." पाच महिन्यांचं ओझं गिरजाच्या छातीवरून उतरलं. ज्याला ती भीत होती तोच देवासारखा धावून आला होता. गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं.

आठेक दिवसांनी ताडपत्रीच्या झोपडीत ती हाताच्या जखमेवर हळद लावत होती. भाग्यश्री समोर बसून पाहत होती. त्या दिवसापासून पोर जरा अंतर राखूनच बसायची.

"तुले भेव नाई लागला काय वो, मुखरूआजाचा?" गिरजानं हसत विचारलं.

"आजा कुठी होता?"

"दारात नोयता काय? हाक मारून राह्यला होता ना."

पोरीनं मान हलवली. "नाई. आजा नोयता."

"मंग कोणापाशी धावत गेलती तू?"

"तुह्यापाशी," भाग्यश्री म्हणाली. "तू मांडवात उभी होती. हात करून बोलावून राह्यली होती मले. दाराच्या फटीतून दिसली ना तू."

गिरजाचं हळदीचं बोट जागच्या जागी थांबलं.

"अवो पोरी... मी तं आत होती. तुले धरून होती."

भाग्यश्रीनं बराच वेळ आईच्या हातावरच्या दातांच्या खुणेकडे पाहिलं.

"ते तू होती?" ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, दुसरी कोणी आहे. तोंड दाबून राह्यली होती माह्यं... तिचा हात लय थंडा होता." मग म्हणाली, "तू आत होती, तं बाहेर कोण होती?"

गिरजानं उमाजीला हे सांगितलं. तो म्हणाला, लहान पोर आहे, घाबरली, काहीबाही बोलते. त्याचंही खरं असेल. दिवाळीच्या आत त्यानं सिमेंटच्या विटांचं नवं घर उभं केलं. खाण पुन्हा सुरू झाली, भोंगे वाजू लागले आणि गाव पुन्हा दोन वाजता आत शिरू लागलं.

पण अधूनमधून असं होतं. गिरजा चुलीपाशी असते, पोरगी अभ्यास करत असते. मध्येच मान वर करून ती म्हणते, "आली, माय!" आणि पाटी टाकून बाहेर जाते. गिरजानं हाक मारलेली नसते.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा गिरजा तिला धरायला उठली होती. हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. एकदा धरलं होतं, तेव्हा काय होणार होतं ते तिनं पाहिलं होतं. म्हणून ती आता पोरीला अडवत नाही. पिंटूला कडेवर घेते आणि मागोमाग बाहेर पडते. अंगणात उभी राहून घराकडे पाहते. घर पडत नाही. जरा वेळानं पोरगी आपणहून परत फिरते आणि काहीच झालं नसल्यासारखी पाटी घेऊन बसते.

आधी ती अंगणापर्यंत जायची. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागली. गेल्या सोमवारी, उन्हं कलताना, ती गाव मागे टाकून खाणीच्या काटेरी तारेपर्यंत गेली. तारेपलीकडे सात पुरुष खोल खड्डा आहे. गिरजा तिच्यामागे दहा पावलांवर थांबली. पलीकडे कुणी दिसत नव्हतं. पोर मात्र तारेवर हात ठेवून, मान वर करून, लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं मान डोलावली.

"हाव माय," ती म्हणाली. "येतो."

गिरजाला एक हाक मारायची होती, फक्त एक. पण ती तिच्या तोंडातून फुटेना. आपली हाक ऐकून पोर मागे वळेल, आपल्याकडे नीट निरखून पाहील आणि मग कुणाकडे जाईल, हे तिला सांगता येत नव्हतं.